सण, ऋतु आणि वस्त्र : महाराष्ट्रांतील वस्त्रव्यवहाराचा एक विचार

(१)

महाराष्ट्रांत सण आणि वस्त्र यांची जोडी इतकी घट्ट जुळलेली आहे कीं, एकाचें नांव घेतलें असतां दुसरें आपोआप डोळ्यांपुढें उभें राहतें. संक्रांत म्हटली कीं काळी चंद्रकळा, रंगपंचमी म्हटली कीं रंगानें भिजलेलें धोतर, दसरा म्हटला कीं शेलापागोटें, आणि दिवाळी म्हटली कीं घरांतील लहानथोरांस नवें कापड. ही जोडी कशी जुळली असें विचारलें म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें. तें असें कीं, शास्त्रांत तसें सांगितलें आहे. प्रस्तुत लेखांत या उत्तराची परीक्षा करावयाची आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. आपल्याकडील सण हा वस्त्राचा अलंकार नव्हे. तो वस्त्रप्राप्तीचा मुदतीचा दिवस होय. ज्या समाजांत बहुसंख्य माणसांस वर्षांतून एकदां किंवा फार तर दोनदां नवें कापड मिळे, त्या समाजांत तें कोणी, कोणास व केव्हां द्यावें हें ठरवून ठेवावें लागे. तें ठरविण्याचें काम सणानें केलें. दिलेल्या वस्त्राचा पोत व रंग कोणता असावा हें मुख्यतः ऋतूनें, रंगाऱ्याच्या कुंडानें आणि विणकराच्या मागानें ठरविलें. शास्त्रकारांनीं या व्यवहारास कोठें संमति दिली, कोठें अपवाद सांगितला, तर कोठें मौन धरलें. हा क्रम ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ चाली मुळांत ज्या कारणानें पडल्या त्याच्या अगदीं उलट कारणावर घातल्या जातात.

(२)

प्रथम जुने ग्रंथ काय सांगतात तें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत ऋतुचर्येचें विवेचन आहे. हेमंतांत जाड पांघरूण, कातडें, रेशीम व उबदार आस्तरणें वापरावीं. वर्षाऋतूंत हलकें व स्वच्छ वस्त्र नेसून जेथें ओल नाहीं अशा जागीं राहावें. शरदांत निर्मळ वस्त्रें ल्यावीं, असा त्यांतील उपदेश आहे. हा वैद्याचा उपदेश आहे, पुरोहिताचा नव्हे. त्यांत कोणत्याहि सणाचें नांव नाहीं.

कालिदासाच्या नांवावर असलेल्या ऋतुसंहारांतहि वस्त्रांचा असाच क्रम आढळतो. ग्रीष्मांत तलम वस्त्र, शिशिरांत जड वस्त्र, आणि वसंतांत कुसुंब्यानें तांबडीं केलेलीं रेशमी वस्त्रें असें तेथील वर्णन आहे. यांपैकीं शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचा पुढें उपयोग होणार आहे.

आपल्या प्रांताशीं अधिक निकटचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास. याचा काळ शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ हा आहे. या ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतींत राजाच्या वीस उपभोगांचें वर्णन असून त्यांत वस्त्रोपभोग हें एक स्वतंत्र प्रकरण आहे. नागपट्टण, सिंहल, मूलस्थान, कलिंग, वंग, महाचीन अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आलेल्या कापडांचीं नांवें देऊन ग्रंथकारानें कोणत्या ऋतूंत राजानें कशा जातीचीं वस्त्रें ल्यावीं हें सांगितलें आहे. दख्खनच्या राजदरबारांत वस्त्राची निवड ऋतूवरून होत असे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. राजाच्या जामदारखान्यांत सर्व ऋतूंचें कापड साठविलेलें असे, म्हणून त्यास सणाची वाट पाहावी लागत नसे. सामान्य कुटुंबाची स्थिति अगदीं निराळी होती. त्यास ऋतूची गरज होती, पण साठा नव्हता. आणि ही उणीव सणानें भरून काढली.

(३)

आतां कापड तयार होण्याच्या बाजूकडे वळूं. हातमागाच्या धंद्यास पावसाळा हा मोठा अडथळा असे. ताणा लांब पसरून त्यास खळ लावणें व कुंच्यानें तो साफ करणें, यास पांजणी म्हणत. हें काम घरांत होत नसे. त्यास गल्लींतील मोकळी, कोरडी जागा लागे. पावसांत खळ वाळत नाहीं आणि सूत तुटतें. रंगाऱ्याचीहि तीच अडचण. रंगविलेलें कापड उन्हांत वाळविल्याशिवाय त्याचें काम पुरें होत नाहीं. त्यामुळें आषाढ-श्रावणांत माग मंद पडत आणि आश्विनांत आभाळ निवळलें कीं ते जोरानें चालूं लागत. दसरा व दिवाळी हे वस्त्रांचे मोठे सण नेमके याच वेळीं येतात, आणि तुळशीचें लग्न झालें कीं विवाहाचे मुहूर्त सुरू होतात. मागाचा हंगाम व सणांचा हंगाम असे एकमेकांस जोडलेले आहेत.

वाहतुकीचेंहि असेंच होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथांत पैठण आणि तगर, म्हणजे हल्लींचें तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचेपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असून, तगराहून साधें कापड, नाना जातींची मलमल आणि फिकट जांभळ्या छटेचें कापड गाड्यांवर घालून वाईट रस्त्यांनीं भडोचेस नेत, असें तो ग्रंथकार सांगतो. काळ्या भुईंतून भरलेली गाडी पावसाळ्यांत चालत नाहीं, हें दख्खनच्या शेतकऱ्यास सांगणें नलगे. सबब कापडाचा मोठा व्यापार पावसाळा संपल्यावर चाले, असें मानण्यास हरकत नाहीं.

रंगाच्या बाबतींत ऋतूचा अंमल याहूनहि थेट होता. कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलांचा रंग. करडई हें दख्खनांतील रब्बीचें पीक असून त्याचीं फुलें माघ-फाल्गुनांत हातीं येतात. या फुलांतील पिवळा अंश प्रथम पाण्यानें धुवून काढीत, मग खाराच्या पाण्यांत तांबडा अंश उतरवीत, आणि लिंबासारख्या आंबट रसाच्या योगानें तो कापडावर बसवीत. हा रंग दिसण्यास फार सुरेख, पण टिकण्यास अगदीं कच्चा. उन्हानें तो विटतो आणि धुतल्यानें उतरतो. पळसाचीं फुलेंहि याच दिवसांत फुलतात. तेव्हां वसंतांत तांबडें-केशरी वस्त्र ही केवळ कवीची कल्पना नव्हे. रंगाऱ्याच्या कुंडांत त्या वेळीं तोच रंग ताजा असे. आणि तो वर्षभर टिकत नसल्यामुळें पुढल्या फाल्गुनांत कापड पुन्हा रंगवून घेणें भाग पडे. दरसाल येणारा सण आणि दरसाल उडणारा रंग यांची सांगड अशा रीतीनें बसली. श्रीहर्षाच्या रत्नावली नाटिकेंत पहिल्या अंकांत कौशांबींतील मदनोत्सवाचें वर्णन असून सुगंधी पिवळ्या चूर्णानें सारें नगर रंगून गेल्याचें त्यांत दाखविलें आहे. आपल्याकडे रंग खेळण्याचा मुख्य दिवस फाल्गुन वद्य पंचमी हा झाला. स्थळें निराळीं, तिथी निराळ्या, तरी ऋतु एकच आहे.

पावसाळ्याचें खास वस्त्र मात्र सणाचें नव्हे, कामाचें आहे. कोंकणांत बांबूच्या कामट्या व पानें यांचें इरलें, आणि देशावर घोंगडी. दख्खनी मेंढ्यांची लोंकर वर्षांतून दोनदां कातरतात. तिच्या सुताची घोंगडी विणून तीस चिंचोक्यांची खळ देतात. ती बहुधा मेंढीच्या अंगच्याच काळ्या रंगाची असते. तीस रंगाऱ्याची गरज नाहीं. ब्राह्मणी घरांत सोंवळ्याचा नियम कडक असूनहि पावसाळ्यांत धुतलेलें सुती वस्त्र वाळत नाहीं, म्हणून रेशमाचा मुकटा किंवा लोंकरीची धाबळी सोंवळ्यांत चालते असें ठरलें. येथें ऋतूपुढें आचारानें कसा मार्ग काढला हें स्पष्ट दिसतें.

(४)

आतां मुदतीच्या दिवसाकडे येऊं. शेतकऱ्याच्या घरीं वर्षाच्या करारानें राहणाऱ्या सालगड्याचें वर्ष देशावर गुढीपाडव्यास, आणि खानदेश-वऱ्हाडाकडे पुष्कळ ठिकाणीं अक्षय्यतृतीयेस सुरू होई. त्याच्या वेतनांत रोकड व धान्य यांबरोबर धोतर, पागोटें, घोंगडी व वाहणा यांचा ठराव असे. या माणसास वर्षांत जें नवें वस्त्र मिळे तें या ठरावाचें. त्यास आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. पाडवा आला म्हणजे अंगावर कापड येई, इतकेंच. त्याच्या दृष्टीनें सण म्हणजे कराराची तारीख.

याच व्यवहाराचें दुसरें टोंक म्हणजे मराठी राज्यांतील दसरा. पावसाळा संपला, नद्या उतरल्या, चारा वाढला कीं मोहिमेचे दिवस येत. सीमोल्लंघनाचा विधि या लष्करी गरजेस शोभेसाच होता. या प्रसंगीं सरदार, मानकरी, शागीर्दपेशे यांस दरबारांतून पोशाख मिळत. पोशाखाची मोजणी सनगांनीं होई. कोणास किती सनगें, त्यांत शेला कोणत्या प्रतीचा, पागोट्याऐवजीं मंदील द्यावयाचा कीं काय, किनखाप किती, हें ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणें ठरे. एक सनग कमी आलें तर तें केवळ कापडाचें उणें नव्हे, मानाचें उणें होय, असें समजत. अधिकाराची नेमणूकसुद्धां वस्त्रांनींच होई. बाळाजी विश्वनाथास १७१३ सालीं आणि बाजीरावास १७२० सालीं छत्रपति शाहू महाराजांकडून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, असेंच आपण अद्यापि म्हणतों. पेशवाईचें पद मिळालें असें क्वचितच म्हणतों. राज्यकारभाराच्या भाषेंत वस्त्र हा शब्द पदाचा पर्याय झाला होता.

पोशाखाच्या या मोठ्या मागणीचा परिणाम विणकरांवर झाल्यावांचून कसा राहील? थोरले माधवराव पेशवे यांनीं पैठणाहून निरनिराळ्या रंगांचे असावली शेले मागविल्याचे उल्लेख त्यांच्या पत्रांत आहेत. पैठण व येवलें येथील रेशमी मागांस अशा दरबारी मागणीचा मोठा आधार होता. ती सणावारीं व लग्नकार्यांत येई. त्यामुळें विणकर त्या अंदाजानें सूत घेई आणि सावकार त्या अंदाजानें रक्कम देई.

सरदार आणि सालगडी या दोन टोंकांच्या मध्यें सामान्य गृहस्थाचें घर येतें. तेथेंहि प्रत्येक नात्याची मुदत ठरलेली होती. दिवाळसणास जांवयास पोशाख, भाऊबिजेस बहिणीस लुगडें किंवा खण, अधिकमासांत पुन्हा जांवयास वाण व वस्त्र, आणि माहेरवाशीण सासरीं परत निघाली कीं तिची ओटी. यांत स्त्रीच्या दृष्टीनें एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जिच्या हातीं स्वतःचा पैसा नव्हता, तीस सणामुळें वस्त्राचा हक्क प्राप्त झाला. भावानें दिवाळींत लुगडें नेसविलें नाहीं तर तो कद्रू ठरे. तिला तोंडानें मागण्याचा प्रसंग येत नसे. रूढीनें स्त्रीवर जीं पुष्कळ बंधनें घातलीं त्यांच्या जोडीला हा एक लहानसा आधारहि दिला, हें नमूद करणें न्यायाचें होईल.

(५)

येथवर जें सांगितलें त्याची खरी कसोटी संक्रांतीच्या काळ्या वस्त्रावर लागते. मंगल प्रसंगीं काळें वर्ज्य, असें आपण सर्वत्र मानतों. लग्नांत, मुंजींत, पूजेंत काळें चालत नाहीं. मग वर्षांतील एका मोठ्या सणास सुवासिनी काळी चंद्रकळा कां नेसतात? नव्या सुनेस तिच्या पहिल्या संक्रांतीस काळें लुगडें व त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने कां घालतात? लहान मुलाच्या बोरन्हाणास काळें झबलें कां?

याचें एक उत्तर अलीकडे ऐकूं येतें. पानिपतचा घोर संग्राम संक्रांतीच्या दिवशीं झाला, महाराष्ट्रांत घरोघर दुःख झालें, आणि त्याची खूण म्हणून काळें नेसण्याची चाल पडली, असें सांगतात. हें उत्तर इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली, हें निश्चित आहे. हल्लीं संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, म्हणून ती त्या सालींहि त्याच तारखेस असली पाहिजे अशी समजूत होते. परंतु तसें नाहीं. सूर्याचें राशिसंक्रमण निरयन मानानें गणलें जातें आणि इंग्रजी वर्ष सायन मानाचें आहे. या दोहोंतील फरकामुळें संक्रांत सुमारें सत्तर वर्षांस एक दिवस याप्रमाणें पुढें सरकते. या हिशोबानें १७६१ सालीं ती १० जानेवारीच्या सुमारास, म्हणजे लढाईच्या चारएक दिवस आधीं, येऊन गेली होती. शिवाय लढाईची वार्ता दक्षिणेंत पोंचण्यास लागलेले दिवस निराळेच. आणि दुःखाची खूण म्हणून घातलेलें वस्त्र नव्या सुनेच्या कौतुकास व तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणास कसें चालेल, याचाहि विचार केला पाहिजे. सबब हें उत्तर सोडून द्यावें.

दुसरें उत्तर थंडीचें. काळा रंग ऊन शोषून घेतो, पौषांत दख्खनच्या पठारावर थंडी कडक असते, म्हणून काळें. हें खरें आहे, पण पुरेसें नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत याच दिवसांत थंडी याहून पुष्कळ अधिक असते, आणि तेथें संक्रांतीस काळें नेसण्याची अशी ठळक चाल नाहीं. तेव्हां ऋतूनें काळ्यास अनुकूलता दिली इतकेंच म्हणतां येईल. महाराष्ट्रांतच ती चाल रुजली याचें कारण अन्यत्र शोधलें पाहिजे.

तें शोधण्यास स्मृतिग्रंथांचाच उपयोग होतो. चंद्रकळेचा काळा रंग दोन तऱ्हांनीं साधत असे: निळीच्या कुंडांत कापड वारंवार बुडवून, किंवा हिरडा व हिराकस यांच्या योगानें. निळीचा धंदा करणाऱ्यांची निराळी नांवाची जातच आपल्याकडे आहे. आपस्तंबस्मृतींत निळीचा निषेध स्पष्ट आहे. नीळवस्त्र नेसून केलेलीं स्नान, दान, जप, होम इत्यादि कर्में निष्फळ होत, असा त्याचा आशय आहे. परंतु त्याच प्रकरणांत स्त्रियांच्या क्रीडेच्या प्रसंगीं व शय्येवर नीळवस्त्राचा दोष नाहीं, असा अपवाद सांगितला आहे. आणि लोंकर व रेशीम यांस निळीचा दोष लागत नाहीं, असेंहि धर्मशास्त्रांत वचन आहे. आतां संक्रांतीचें हळदीकुंकू हा कोणत्या जातीचा प्रसंग आहे? तेथें होम नाहीं, जप नाहीं, पुरोहित नाहीं. तो स्त्रियांनीं स्त्रियांच्या भेटीसाठीं मांडलेला आनंदाचा समारंभ आहे. सकाळीं सुगडें पुजतांना सोंवळ्याचें वस्त्र निराळें आणि दुपारीं हळदीकुंकवास जातांना चंद्रकळा निराळी, असा भेद पुष्कळ घरीं पाळला जाई. म्हणजे निषेध जेथें लागू होता तेथें तो पाळला, आणि जेथें अपवादाची वाट मोकळी होती तेथें ऋतूस अनुकूल व डोळ्यांस सुखद असें वस्त्र स्वीकारलें. पांढऱ्या हलव्याचा दागिना काळ्यावर जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कोणत्याहि रंगावर दिसत नाहीं, हेंहि कारण लहान समजूं नये. त्यांतच, काळी घोंगडी ज्या देशांत थंडीपावसाचें नित्याचें पांघरूण होती, त्या देशास हिंवाळ्यांतील काळा रंग परका किंवा भीतिदायक वाटण्याचें कारण नव्हतें, असें आमचें अनुमान आहे.

संक्रांतीच्याच संबंधांत पंचांगाचा एक विशेष सांगितला पाहिजे. संक्रमणाच्या वेळीं जें करण असेल त्यावरून संक्रांतिदेवीचें वाहन, वस्त्र, आयुध वगैरे ठरतात. सात चर व चार स्थिर मिळून अकरा करणें. त्यांत बवास पांढरें, बालवास पिवळें, कौलवास हिरवें, गरास तांबडें असे वस्त्रांचे रंग नेमलेले आहेत. ज्या रंगाचें वस्त्र संक्रांत नेसली असेल तो रंग त्या साली नेसूं नये, अशी स्त्रियांत समजूत आहे. म्हणजे पंचांगाच्या एका ओळीनें कापडवाल्याच्या दुकानांतील एका रंगाचा खप वर्षापुरता मंद पडावा. आणि ज्या वर्षीं विष्टि करणामुळें देवीचेंच वस्त्र काळें असतें, त्या वर्षीं पंचांगाची चाल आणि चंद्रकळेची चाल यांची समोरासमोर गांठ पडते. दोन्ही चाली एकाच शास्त्रांतून निघाल्या असत्या तर असा विरोध उत्पन्नच झाला नसता.

रंगास स्वतःचा असा कायमचा अर्थ नसतो, याचें एक कठोर उदाहरण आपल्याच घरांत होतें. तांबडा रंग सौभाग्याचा. कुंकू तांबडें, वधूच्या अंगावर तांबडें. परंतु ब्राह्मणादि जातींत केशवपन केलेल्या विधवेस जें आलवण नेसावें लागे तेंहि तांबडेंच. त्यास कांठ नाहीं, त्यावर चोळी नाहीं, आणि तें नेसणारीस हळदीकुंकवास बोलावणें नाहीं. ज्या सणानें एका बहिणीस वस्त्राचा हक्क दिला त्याच सणानें दुसरीस दाराबाहेर ठेवलें. सणाच्या वस्त्राचा इतिहास लिहितांना चंद्रकळेचें वर्णन करावयाचें आणि आलवणाविषयीं मौन धरावयाचें, हें सत्यास धरून होणार नाहीं.

(६)

ही जुनी सांगड एकोणिसाव्या शतकांत सुटत गेली. १८५६ सालीं विल्यम पर्किन यानें डांबरापासून कृत्रिम जांभळा रंग काढला. १८९७ सालीं जर्मनींतील कृत्रिम नीळ बाजारांत आली. मुंबईंत १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुडींतील रंगास करडईच्या फुलाची वाट पाहावी लागेना, आणि वाफेच्या मागास पावसाळ्याची अडचण राहिली नाहीं. ऋतूनें कापडावर घातलेलें बंधन अशा रीतीनें सुटलें. सणानें घातलेलें मात्र कायम राहिलें. किंबहुना तेंच एकटें उरल्यामुळें अधिक उघड दिसूं लागलें.

त्याची शक्ति केवढी आहे हें १९०५ सालच्या चळवळीनें दाखविलें. बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ बहिष्काराचा पुकारा झाला तो दुर्गापूजेच्या अगोदर. कारण बंगाल्यांत नव्या कापडाची खरेदी पूजेस होते. महालयेच्या दिवशीं, २८ सप्टेंबर १९०५ रोजीं, कालीघाटच्या देवळांत हजारो लोकांनीं स्वदेशीची शपथ घेतली. पुण्यास त्याच वर्षीं दसऱ्याच्या सुमारास विनायक दामोदर सावरकर व त्यांचे सहकारी विद्यार्थी यांनीं विदेशी कापडाची होळी केली, आणि लोकमान्य टिळकांचें तीस पाठबळ होतें. दोन्ही प्रांतांत दिवस निवडला तो नेमका वस्त्रखरेदीच्या मुदतीचा. परक्या मालाचा खप जेथें सर्वांत अधिक तेथेंच घाव घालावा, हें चळवळीच्या पुढाऱ्यांस पुरें ठाऊक होतें.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रांत नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग पाळण्याची चाल वृत्तपत्रांनीं लोकप्रिय केली आहे. कचेरींत, आगगाडींत, बाजारांत त्या दिवशीं एकाच रंगाचीं वस्त्रें दिसतात. या चालीस जुन्या ग्रंथांचा आधार नाहीं. तथापि ती देवीच्या उपासनेचा भाग आहे असें मानणारे लोक आजच पुष्कळ आढळतात. इतिहासाभ्यासकानें या चालीस हंसूं नये. चाल प्रथम व्यवहारांत पडते, तीस समाजाची हौस मिळते, आणि शास्त्राचें नांव तीस मागाहून लागतें, हा क्रम आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. चंद्रकळेच्या बाबतींत जें अनुमानानें सांगावें लागलें तें येथें प्रत्यक्ष पाहावयास सांपडतें. शिवाय या नव्या चालीनें जाति, सौभाग्य आणि वैधव्य हे भेद पुष्कळ अंशीं बाजूस सारले आहेत. त्या त्या दिवसाचा रंग कोणीहि ल्यावा. तीस बोलावणें लागत नाहीं. जुन्या हळदीकुंकवास जें साधलें नाहीं तें हिनें कांहीं प्रमाणांत साधलें, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु एक उणीवहि आहे. जुन्या सणाच्या वस्त्रामागें ठाऊक असलेला विणकर व ठाऊक असलेला रंगारी उभा असे. दसऱ्याचा शेला पैठणचा, लुगडें येवल्याचें, खण गुळेदगुड्डचा, घोंगडी गांवच्या धनगराची किंवा सणगराची, हें घेणारास माहीत असे. सण आला म्हणजे या सर्वांच्या घरीं चूल पेटे. आज सणाचा रंग ठरतो, पण तो कोणी रंगविला व कापड कोणीं विणलें हें ठरत नाहीं. सणाची मुदत शिल्लक आहे. तिच्या दुसऱ्या टोंकास जो देणेकरी-घेणेकरी समाज होता तो विस्कटला आहे.

(७)

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, सणाच्या वस्त्राचा पोत व रंग यांचें मूळ बहुतांशीं ऋतूंत आणि कच्च्या मालाच्या हंगामांत आहे. दुसरी, सणाचें स्वतःचें कार्य वस्त्राची निवड हें नसून वस्त्राची वांटणी हें आहे. तिसरी, शास्त्राधार हा पुष्कळदां व्यवहाराच्या मागून चालत आला. आणि जेथें तो आधींपासून होता तेथें समाजानें त्यांतील अपवादांचा चातुर्यानें उपयोग केला.

या विषयाचीं साधनें तवारिखांत व खलित्यांत थोडीं आणि घरगुती कागदांत पुष्कळ आहेत. लग्नखर्चाच्या याद्या, दिवाळसणाचे हिशोब, सालगड्यांचे ठराव, कापडवाल्यांच्या खतावण्या, रंगाऱ्यांस दिलेल्या कापडाच्या चिठ्ठ्या, या कागदांत कोणत्या महिन्यांत, कोणत्या नात्यास, कोणत्या रंगाचें व किती किंमतीचें कापड दिलें हें तिथीवार लिहिलेलें असतें. त्यांत राजकारण नाहीं, म्हणून ते रद्दींत जातात. राजांच्या वस्त्रांचा इतिहास दप्तरांत सुरक्षित आहे. पाडव्यास एक धोतर व एक घोंगडी मिळविणाऱ्या माणसाचा इतिहास या रद्दींतच आहे. ज्यांच्या घरीं असे रुमाल बांधलेले असतील त्यांनीं ते टाकून देण्यापूर्वीं एकदां संशोधकांच्या नजरेखालीं घालावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.